फिरत्या एंजिनाची कुळकथा

नगर-दौंड रस्त्यावरील कायनेटिक एंजिनिअरिंगच्या कारखान्यानें १९७२ सालीं 'लूना' ही चिमुकली गाडी बाजारांत आणली आणि फटफटी ही श्रीमंताघरची चैन आहे हा समज महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हळूहळू ओसरूं लागला. लूनाचें एंजिन ५० घनसेंटिमीटरांचें होतें. चहाचा पेला त्यांत अर्धाही रिता झाला नसता. चढ लागला म्हणजे स्वारानें पायांनीं पायडल मारून एंजिनाला हातभार लावावा असा प्रघात होता, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण पेट्रोल थोडें लागे आणि मजल गांठली जाई. एवढ्याशा एंजिनापासून अधिक अपेक्षा ती काय करावयाची!

परंतु लूना जन्मास येण्यापूर्वीं सोळा वर्षें, १९५६ सालीं, अमेरिकेंतील बॉनव्हिल येथील मिठाच्या विस्तीर्ण मैदानावर एक विलक्षण प्रयोग झाला. जर्मनीतील एन्.एस्.यू. ही कंपनी त्या काळीं फटफट्या बनविणाऱ्या जगांतील अग्रगण्य कारखान्यांपैकीं एक होती. तिची 'क्विकली' नांवाची पायडलांची गाडी होती. लूनाची थोरली चुलत बहीणच म्हणावयास हरकत नाहीं. तिचेंच ५० घनसेंटिमीटरांचें एंजिन मुख्यतः एका गोष्टीची भर घालून एका निमुळत्या गाडींत बसविण्यांत आलें. एच. पी. म्युलर हा स्वार तींत जवळजवळ उताणा पडून होता. एंजिनानें मिनिटाला १२,००० फेरे घेतले, १३ अश्वशक्ति दिली आणि गाडी ताशीं १९० किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवली. ती एक गोष्ट म्हणजे हवा दाबून एंजिनांत कोंबणारा एक फिरता पंप. त्याचा जनक फेलिक्स वांकेल. त्याच विचारांतून पुढें एक नवें एंजिन निघालें; त्या एंजिनाच्या एका शाखेला इंग्लंडांतील फटफट्यांनीं जोपासलें, आणि त्याच जातीच्या एका एंजिनावर नगरजवळच्या वाहननगरांत काम झालें. हें सारें कूळ एकदां सांगण्यासारखें आहे.

आधीं अश्वशक्ति वाढते कशी, हें पाहिलें पाहिजे. एंजिन हें मूलतः हवा ओढणारें यंत्र आहे. जेवढी हवा आंत येईल तेवढेंच पेट्रोल तींत नीट जळेल, आणि जेवढें जळेल तेवढीच शक्ति मिळेल. म्हणून शक्ति वाढवावयाची तर मार्ग थोडेच: सिलिंडर मोठा करणें, फेरे वाढविणें, किंवा तेवढ्याच जागेंत अधिक हवा बसविणें. गांवोगांवच्या गॅरेजांतून पहिला मार्ग सर्वांत लोकप्रिय आहे. सिलिंडर 'बोअर' करावा, मोठा दट्ट्या घालावा, कार्बोरेटर बदलावा, सायलेन्सर कापावा, आणि गाडीचा आवाज वाढला म्हणजे शक्तिही वाढली असें समजावें! १९८८ च्या मोटारवाहन कायद्याचें ५२ वें कलम अशा फेरफारांच्या आड येतें, तें निराळेंच. खरी बुद्धि तिसऱ्या मार्गाला लागते. हवा थंड असली कीं दाट असते, तापली कीं विरळ होते. त्याच दाबाखालीं ३० अंश सेंटिग्रेडची हवा १०० अंशांपर्यंत तापविली, तर त्याच मापांत पूर्वींपेक्षां सुमारें पांचवा हिस्सा हवा कमी मावते. एवढा एक हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे पुढची सारी कथा उलगडते.

वांकेल हा १९०२ सालीं जर्मनीतील लार या गांवीं जन्मला. विश्वविद्यालयाची पायरी तो चढला नाहीं, आणि दृष्टि अधू असल्यामुळें मोटार हांकण्याचा परवाना त्यानें जन्मांत काढला नाहीं. ज्याच्या नांवाचें एंजिन पुढें लक्षावधि मोटारींत बसलें, त्याची ही स्थिति! त्याचें पहिलें एंजिन एन्.एस्.यू.च्या नेकरसुल्म येथील कारखान्यांत १ फेब्रुवारी १९५७ रोजीं चाललें. त्यांत आंतला रोटर आणि बाहेरची पेटी दोन्ही फिरत. हान्स-डीटर पाश्के या एंजिनिअरानें पुढच्याच वर्षीं पेटी स्थिर ठेवून केवळ रोटर फिरेल अशी रचना केली. आज वांकेल एंजिन म्हणतात तें हेंच.

नेहमींच्या एंजिनांत दट्ट्या वर जातो, थांबतो, खालीं येतो, पुन्हा थांबतो. या सतत थांबण्या-निघण्यांत हादरे बसतात. वांकेलच्या एंजिनांत दट्ट्याच नाहीं. मध्यें किंचित् चिमटलेल्या लंबगोल पेटींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, भोवरा डोलत फिरावा तसा, फिरत असतो. त्याचीं तिन्ही टोकें सदैव भिंतीला घांसत असतात, त्यामुळें पेटींत तीन कप्पे पडतात. कप्पे फिरतां फिरतां लहानमोठे होतात आणि प्रत्येकांत मिश्रण ओढणें, दाबणें, पेटविणें आणि धूर बाहेर लोटणें हीं चारही कामें क्रमानें होतात. त्रिकोणाचा एक फेरा होईतों दांड्याचे तीन फेरे होतात. झडपा नाहींत, हलणारे भाग बोटांवर मोजण्याइतके, हादरा नांवाला, आणि आकाराच्या मानानें शक्ति पुष्कळ.

मग अशा गुणी एंजिनानें जग कां जिंकलें नाहीं? उत्तर एका शब्दांत द्यावयाचें तर उष्णतेमुळें. साध्या एंजिनांत एकाच जागीं मिश्रण जळतें आणि त्याच जागीं थंड हवाही येते, त्यामुळें सिलिंडरला मधून मधून विसावा मिळतो. वांकेलच्या पेटीची एक बाजू नेहमीं थंड हवा घेणारी आणि दुसरी नेहमीं जळणारी. एका बाजूस हिंवाळा, दुसऱ्या बाजूस अखंड वैशाख. पेटी वांकडी होऊं पाहते. मध्यें सांपडलेल्या रोटरला तर भिंतीसारखा बाहेरचा वाराही लागत नाहीं. टोकांच्या पट्ट्या भिंतीला ओरखडे पाडतात, आणि एकदां ओरखडा पडला कीं दाब निसटला. एन्.एस्.यू.नें १९६७ सालीं 'रो ८०' ही मोटार मोठ्या उमेदीनें काढली. तिचीं बिघडलेलीं एंजिनें फुकट बदलून देतां देतां कंपनी इतकी खचली कीं १९६९ सालीं तिला फोक्सवागनच्या पदराखालीं जावें लागलें. जपानच्या सुझुकी कंपनीची वांकेल एंजिनाची जड फटफटी १९७४ सालीं आली आणि दोनतीन वर्षांत गेली. माझ्दा कंपनी तेवढी चिकाटीनें टिकली.

मात्र या नुकसानींतून एक टिकाऊ वस्तु निघाली. १९६७ च्या सुमारास माले या जर्मन कंपनीनें अॅल्युमिनियमच्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचें पातळ, अतिशय कठीण अस्तर देण्याची रीत काढली, ती प्रथम या फिरत्या एंजिनासाठींच. अॅल्युमिनियम उष्णता झपाट्यानें वाहून नेतें, पण मऊ असतें. अस्तरानें त्याला कणखरपणा आला. आज अनेक फटफट्यांच्या सिलिंडरांना हें अस्तर असतें. ह्या अस्तराची गांठ पुढें पुन्हा पडणार आहे.

आतां इंग्लंडकडे वळूं. १९६९ सालीं बी.एस्.ए. या फटफटीच्या कंपनींत डेव्हिड गार्साइड हा एंजिनिअर होता. फिख्टेल आणि झाक्स या जर्मन कंपनीचें एक लहानसें, एका रोटरचें, हवेनें थंड होणारें वांकेल एंजिन त्यानें फटफटीच्या सांगाड्यांत बसविलें. हें एंजिन बर्फावरून घसरत जाणाऱ्या गाड्यांसाठीं बनत असे. त्यांत रोटर थंड ठेवण्याची युक्ति अशी: कार्बोरेटरांतून आलेलें ताजें मिश्रण आधीं रोटरच्या पोटांतून खेळवावयाचें आणि मग जळावयास धाडावयाचें. रोटर निवतो खरा, पण मिश्रण तापतें; आणि वर केलेला हिशेब आठवला म्हणजे समजतें कीं रोटरला निवविण्याची किंमत शक्तीच्या रूपानें मोजावी लागते. आगीशेजारीं बसलेल्या पाहुण्याला पंख्यानें वारा घालावा आणि तोच तापलेला वारा पाण्याच्या माठावर सोडावा, असा हा प्रकार!

गार्साइडनें प्रवाह निराळा केला. रोटरच्या पोटांतून केवळ हवा न्यावयाची. तेथून ती तापून निघाली कीं गाडीच्या चौकटीच्याच पोकळ पोलादी पेटींत कांहीं क्षण थांबवावयाची, तेथें ती बरीच निवते, आणि मग कार्बोरेटरला द्यावयाची. रोटर दोन केले, एकूण माप ५८८ घनसेंटिमीटर. बी.एस्.ए. बुडाली, ती १९७३ सालीं नॉर्टन-व्हिलियर्स-ट्रायंफ या नव्या संस्थेंत विलीन झाली, मग तीही डगमगली. पण हें एक एंजिन मालकामागून मालक बदलत जिवंत राहिलें. १८९८ सालीं स्थापन झालेल्या आणि १९०७ सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील पहिल्याच शर्यतींत आपल्या वर्गांत विजय मिळविणाऱ्या नॉर्टनजवळ १९८० नंतर सांगण्यासारखें दुसरें फारसें उरलें नव्हतें. शेन्स्टन गांवच्या लहानशा कारखान्यांत 'इंटरपोल २' नांवाची या एंजिनाची गाडी बने आणि ती पोलीस खात्यांना विकली जाई. शक्ति सुमारें ८५ अश्वशक्ति. शहाणी, मुकाट्यानें राबणारी गाडी. शर्यतीशीं तिचा संबंध काय?

तो संबंध ब्रायन क्रायटन यानें जोडला. तो नॉर्टनमध्येंच नोकरीस होता आणि पूर्वीं स्वतः शर्यतींत उतरलेला होता. १९८७ च्या सुमारास त्यानें इंटरपोलचें हवेनें थंड होणारें जुनें एंजिन हातीं घेतलें. वरिष्ठांचा हुकूम नव्हता, पैसाही फारसा नव्हता. अशा वेळीं बहुतेक लोक पेटी मोठी करतात. क्रायटननें पेटीला हात न लावतां गार्साइडचीच वाट आणखी एक पाऊल पुढें नेली. हवा रोटरमधून न्यावयाची, तापूं द्यावयाची. पण तापल्यावर ती पुन्हा पोटांत कशासाठीं घ्यावयाची? ती बाहेरच टाकून द्यावी आणि कार्बोरेटरला उघड्यावरची थंड हवा द्यावी. प्रश्न एवढाच कीं, मग रोटरमधून हवा ओढणार कोण? पूर्वीं एंजिनाचें स्वतःचें चोषण तें काम करी.

त्याचें उत्तर ज्यांनीं दौंड-मनमाड मार्गावर धांवणारीं वाफेचीं एंजिनें पाहिलीं असतील त्यांना चटकन् समजेल. त्या एंजिनांत वापरलेली वाफ धुराड्याच्या बुडाशीं एका निमुळत्या तोंडांतून वर सोडीत. वेगानें जाणारी ती वाफ सभोंवारची हवा आपल्याबरोबर ओढून नेई, आणि त्या ओढीनें भट्टींतला जाळ धगधगत राही. एंजिन जितकें जोरानें राबे तितका जाळ अधिक. क्रायटननें हेंच तत्त्व सायलेन्सरच्या नळीला लावलें. फेकल्या जाणाऱ्या धुराच्या झोतानें रोटरमधली हवा खेंचून काढावयाची. एंजिन जितकें जोरानें धांवेल तितका झोत जोरकस आणि तितका रोटर थंड. जो धूर फुकट जात होता तोच पंखा झाला, त्याला वेगळी शक्ति खर्चावी लागली नाहीं. चौकटींतली जड पोलादी पेटी अनावश्यक झाली ती वेगळीच. शक्ति ८५ वरून सुमारें १२० वर गेली, आणि चाचणीच्या मार्गावर त्या गाडीनें ताशीं १७० मैलांचा वेग दाखविला. त्याच मापाचें, त्याच पेटीचें एंजिन. बदल झाला तो मुख्यतः हवेच्या वाटेंत.

कारखान्याचे डोळे उघडले. सिगारेट विकणाऱ्या जॉन प्लेअर कंपनीनें पैसा दिला, काळ्या-सोनेरी रंगाच्या नॉर्टन गाड्या उतरल्या आणि पुढें एंजिनाला पाण्याचें शीतनही मिळालें. १९८९ सालीं स्टीव्ह स्प्रे यानें ब्रिटनमधील दोन अजिंक्यपदें मिळविलीं. तंटाही मोठा झाला. फिरत्या एंजिनाचें माप मोजावयाचें कसें? प्रत्येक रोटरचा एकच कप्पा धरला तर ५८८ घनसेंटिमीटर. पण साध्या एंजिनाशीं तुलना करून दुप्पट धरावें असें प्रतिस्पर्धी म्हणत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि ज्याचें एंजिन हरतें त्याला दुसऱ्याचें माप नेहमींच मोठें दिसतें.

१९९२ च्या जूनमधील आइल ऑफ मॅनची सीनियर शर्यत ही या कुळाची ऐन भर. तोंवर क्रायटन त्या संघांत नव्हता, व्यवस्था दुसऱ्यांच्या हातीं होती. त्यानें रुजविलेलें रोप दुसऱ्यांनीं वाढविलें, हें नमूद करणें न्यायाचें आहे. स्कॉटलंडचा स्टीव्ह हिस्लॉप पांढऱ्या नॉर्टनवर आणि कार्ल फोगार्टी यामाहावर. घरांच्या कुंपणांना आणि दगडी भिंतींना चाटून जाणाऱ्या पावणेअडतीस मैलांच्या रस्त्याचे सहा फेरे, म्हणजे सुमारें २२६ मैल. कधीं एक पुढें, कधीं दुसरा. अखेरच्या फेऱ्यांत फोगार्टीनें ताशीं १२३.६१ मैलांचा नवा उच्चांक केला, आणि तरी तो हरला. हिस्लॉप ४.४ सेकंदांनीं जिंकला. १९६१ सालीं माइक हेलवुडनें जिंकल्यानंतर एकतीस वर्षांनीं सीनियर शर्यतींत नॉर्टनचें नांव पहिलें आलें. १९९४ सालीं क्रायटनच्या स्वतःच्या देखरेखीखालीं इयन सिंप्सन यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. पुढें नियम बदलले आणि फिरत्या एंजिनाला दार बंद झालें. गाडी जिंकत असतां कारखाना मात्र कर्जांत रुतत होता. विजयाच्या चषकानें देणेकऱ्यांचें समाधान होत नाहीं, हा अनुभव इंग्लंडांतही तोच. क्रायटननें हट्ट सोडला नाहीं. २०२१ सालीं त्यानें ६९० घनसेंटिमीटरांची, २२० अश्वशक्तीची आणि १३० किलोग्रॅमांहून किंचित् हलकी गाडी जाहीर केली. अशा पंचवीसच गाड्या करावयाच्या असा त्याचा बेत होता.

ह्या कुळाची एक शाखा रस्ता सोडून आकाशांत गेली होती. नॉर्टनच्या एंजिनाचा एकच रोटर घेऊन बनविलेलीं एंजिनें वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांत वापरण्यांत आलीं. तें स्वाभाविकच होतें. अशा विमानांत वजन तोळ्यातोळ्यानें मोजतात, आणि विमान छायाचित्रें घेणारें असलें तर एंजिनाच्या हादऱ्यानें चित्र बिघडतें. हलकें आणि न हादरणारें एंजिन म्हणजे वांकेलचें.

हिंदुस्थानच्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेनें सैन्यासाठीं 'निशांत' नांवाचें असें टेहळणीचें विमान तयार केलें होतें. तें मालमोटारीवरील रुळावरून फेकून उडवीत आणि छत्रीनें उतरवीत. विमान देशी, पण एंजिन परदेशी. १९९८ सालच्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर संरक्षणसंशोधनाच्या संस्थांवर परदेशांनीं जे निर्बंध घातले, त्यांनीं अशा परावलंबनाचा अर्थ सर्वांस नीट शिकविला होता. तेव्हां देशांतच ५५ अश्वशक्तीचें वांकेल एंजिन करावें असें ठरलें आणि काम तीन संस्थांनीं वांटून घेतलें. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनें एंजिनाचा गाभा, अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें ओतकाम आणि आंतील अस्तर पाहिलें. अस्तर तेंच, निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचें. नगरजवळ वाहननगर येथें असलेल्या वाहन संशोधन व विकास संस्थेनें ठिणगी देण्याची आणि इंधन पुरविण्याची व्यवस्था सिद्ध केली. विमानांत बसवून उडविण्याचें काम बंगळूरच्याच वैमानिकी विकास संस्थेचें.

नगरचा वांटा ऐकावयास किरकोळ वाटेल. तसा तो नव्हे. साध्या एंजिनांत मिश्रण एका जागीं गोळा होऊन जळतें. वांकेलच्या एंजिनांत तें लांबट, चपट्या आणि पुढें सरकणाऱ्या कप्प्यांत जळावयाचें असतें. ठिणगी क्षणभर लवकर पडली तर रोटरला उलटा दणका, क्षणभर उशिरां पडली तर जाळ धुराबरोबर बाहेर आणि उष्णता वाढलेली. विमान वर चढूं लागलें कीं हवा विरळ होते, म्हणजे पेट्रोलचें प्रमाणही त्या मानानें आवरलें पाहिजे. जमिनीवर मिश्रण चुकलें तर फटफटी रस्त्याच्या कडेला उभी राहते. आकाशांत चुकलें तर विमानच जातें. ओतकाम आणि यंत्रकाम हें नगरला तसें परकें नाहीं, विजापूरची मुलूख-मैदान तोफ इसवी सन १५४९ मध्यें नगरलाच ओतली गेली; परंतु अग्नि केव्हां पेटवावा याची अशी काटेकोर मोजणी त्या ओताऱ्यांनाही लागली नसेल.

५ एप्रिल २००९ रोजीं कोलारच्या धांवपट्टीवरून हें सुमारें ३० किलोग्रॅम वजनाचें देशी एंजिन बसविलेलें निशांत प्रथम उडालें, उंचीवर जाऊन कांहीं काळ फिरलें आणि उतरलें. वजनाच्या दर किलोग्रॅमामागें पावणेदोन अश्वशक्तीहून अधिक असा हा हिशेब पडतो.

विमानाचें पुढील नशीब एंजिनाइतकें चांगलें निघालें नाहीं. सैन्याला मिळालेलीं चारही निशांत विमानें अपघातांत गेलीं आणि नोव्हेंबर २०१५ मध्यें उरलेली मागणी रद्द झाल्याचें जाहीर झालें. त्याआधीं, २०१४ च्या डिसेंबरांत, त्याच विमानाची चाकांवर धांवून उडणारी 'पंछी' ही आवृत्ति उडालेली होती. वाहननगरांत वैमानिकरहित विमानांच्या एंजिनांचें काम त्यानंतरही चालूच राहिलें. मात्र पुढचीं एंजिनें डिझेलचीं होतीं, आणि त्यांत दट्ट्या होता.